वाळूला आग लागत नाही

गावाकडून अण्णाच्या शेजारच्या वहिनींचा फोन आला तेव्हा माझ्या मशीनशेजारी शाळेच्या खाकी पँटींचा ढीग लागलेला होता. उन्हाळ्यात सोलापुरात युनिफॉर्मच्या कारखान्यांतून मान वर करायला सवड नसते. जूनमध्ये शाळा उघडतात, पोरं काय उघडी जाणार का, असं आमचे मालक येता-जाता म्हणत असतात. म्हणून फोन खांद्याने कानाशी दाबून मी शिवतच होते.

"वन्सं," वहिनी म्हणाल्या, "तुमचे अण्णा ओढ्यात राहायला गेलेत."

माझा पाय थांबला. "राहायला म्हणजे?"

"म्हंजी राहायला. बाज, चूल, शेरडं, म्हैस, समदं घिऊन. घराला कुलूप हाय. लई दिस झालं की. मी म्हणलं तुमाला ठाव असंल."

मला काय ठाव असणार डोंबल! अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमची आई दुधनीकडची, घरात निम्मं कानडी चालायचं, म्हणून आम्ही त्याला दादा न म्हणता अण्णा म्हणतो. सगळी हयात त्याने एसटी चालवली. त्याची बायको वारली, मुलगा पुण्याला गेला, आणि रिटायर झाल्यावर अण्णा गावी येऊन शेरडं राखत बसला. गाव बार्शीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. फोनवर तो कधी दोन वाक्यांच्या पुढे बोलत नाही. "बरा हाय. ठेव," एवढंच. मागे डोंगराला वणवा लागला तेव्हासुद्धा मला म्हणाला होता, "गवत जळालं जरा. ठेव."

आता वहिनींनी सगळं सांगितलं तेव्हा कळलं की जरा नव्हतंच. कुणीतरी पालापाचोळा जाळायला बांध पेटवला. तसा आमच्याकडे दर उन्हाळ्यात पेटवतात, नवं गवत जोमानं येतं म्हणतात. वारं सुटलं आणि अख्खा डोंगर पेटला. आग उतरत उतरत अण्णाच्या शेतातल्या शेडपर्यंत आली. शेड गेलं, कडब्याची गंज गेली. अण्णा शेरडं घेऊन कसाबसा बाहेर पडला. कुणी पेटवला विचारलं तर सगळं गाव वाऱ्याकडे बोट दाखवतं!

मी मालकांना म्हटलं, मला गावी जायचंय. ते म्हणाले, सीझनमध्ये? मी म्हटलं, भाऊ काय सीझन बघून येडा होतो का? त्यांनी पुढे काही विचारलं नाही. माझं तोंड कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरली, बार्शीला बदलली आणि ऊन तापायच्या आत गावच्या फाट्यावर उतरले. उतरल्या उतरल्या डोंगर दिसला. लहानपणापासून तो डोंगर मी पिवळा बघितलाय, श्रावणात हिरवा बघितलाय. आता वरपासून खालपर्यंत काळा. एक झुडूप नाही, एक काडी नाही. झाडांची नुसती खुंटं उभी, आणि त्यांच्यामध्ये सुटे झालेले धोंडे.

ओढा गाव आणि डोंगराच्या मधोमध आहे. गाव अलीकडे, जुन्या गावठाणाच्या उंचवट्यावर. मी काठावर जाऊन खाली बघितलं तर आमचे राजे बाजेवर बसून तंबाखू मळत होते. चार बांबूंवर ताडपत्री, तीन दगडांची चूल, ट्रंक, घागर, ओळीनं बांधलेली शेरडं आणि पलीकडे म्हैस. ओढ्याच्या कोरड्या वाळूत मधोमध संसार मांडला होता. वर दोरीला त्याचा खाकी शर्टसुद्धा वाळत घातला होता.

"तू कशाला आलीस गं?" तो म्हणाला.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का बघायला."

"हाय की. बस." त्याने बाजेवरची घोंगडी झटकली. "चहा घेतीस?"

मी वाळूत तशीच उभी राहिले. घर सोडून ओढ्यात का, असं विचारलं. त्याने तंबाखू तोंडात टाकली आणि एसटीचं तिकीट फाडून द्यावं तसं उत्तर दिलं, "वाळूला आग लागत न्हाय."

खरं सांगते, बरोबरच होतं त्याचं. आजूबाजूला पेटण्यासारखं काही नव्हतंच. गावात गल्लोगल्ली कडब्याच्या गंजी, शेणकूट, लाकडं. इथे नुसती वाळू. आगीपासून पळालेल्या माणसाला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

पण पाणी आलं तर?

हे मी म्हटल्यावर तो असा हसला की शेरडंसुद्धा वळून बघायला लागली. "पाणी? ह्या ओढ्याला? अगं, पावसाळ्यात सुद्धा हितं घोटा भिजंना. आन आता उन्हाळ्यात पूर येणार व्हय?"

त्याचंही चुकीचं नव्हतं. नदीकाठच्यांचं निराळं, पण आमच्या डोंगराखालच्या माणसांना पाण्याची भीती ठाऊकच नाही. ऊन, आग, लांडगा, साप, सगळ्याला भ्यायला आम्हाला शिकवलं. पाण्याची आम्ही आयुष्यभर वाट बघितली. ज्याची वाट बघायची त्याला भ्यायचं कसं? मीही कदाचित गप्प बसले असते. पण मी चिडले होते, आणि चिडले की मला एका जागी बसवत नाही. म्हटलं, जळलेलं शेड तरी बघून येते.

डोंगराच्या उताराला लागले. चपला राखेत रुतत होत्या. शेडच्या जागी वाकडे झालेले पत्रे पडले होते. पाय काळे झाले म्हणून मी बाटलीतलं पाणी पायावर ओतलं. आणि ते पाणी मातीत जिरलंच नाही. तेलकट तव्यावर थेंब पळतात तसं ते राखेवरून गोळ्या गोळ्या होऊन खाली पळालं. मला वाटलं, आपल्याला भास झाला. पुन्हा ओतलं. पुन्हा तेच. एवढी तहानलेली जमीन, उन्हाळ्याची, आणि पाणी प्यायला तयार नाही! मी वर बघितलं. एवढा मोठा डोंगर, सगळाच असा. धरून ठेवायला गवताचं एक मूळ नाही. वर पाऊस पडला तर सगळंच्या सगळं खाली येणार, राख, चिखल, धोंडे घेऊन. आणि खाली येऊन जाणार कुठे? माझ्या भावाच्या बाजेखालून. मी तशीच खाली पळत सुटले.

खाली आले तर काठावर वहिनी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मागल्या आठवड्यात वर नुसता शिडकावा झाला, तर बंधाऱ्यात शाईसारखं काळं पाणी आलं. ग्रामपंचायतीनेसुद्धा भोंग्यावरून सांगितलंय की डोंगर जळालाय, ढग आले की ओढ्यात कुणी थांबू नका.

"ऐकलंस ना तू भोंगा?" मी अण्णाला विचारलं.

"भोंग्यावर लई कायबाय सांगत्यात."

मग मी भांडले. बाटलीतल्या पाण्याचं सांगितलं, तो म्हणाला राख असली की असंच. मुलाला पुण्याहून बोलावते म्हटलं, तो म्हणाला बोलाव, त्याला बी गार वाटंल हितं. रडून बघितलं. त्याने घागरीतलं पाणी दिलं, डोळे धुवायला. शेवटी आईसारखा हात वर करून म्हणाला, "साकु." आमची आई भांडण मिटवायला एवढंच म्हणायची, पुरे, याच्यापुढे नाही.

तेव्हा माझं डोकंच फिरलं. पिशवी उचलली, त्याच्या बाजेवर आदळली आणि चपला काढून वर मांडी घालून बसले.

"हे काय?"

"माहेरी आलेय. राहणार आहे."

"हितं?"

"मग कुठं? भाऊ जिथं तिथं माहेर. आंघोळीला पाणी तापव. संध्याकाळी काय करणार आहेस जेवायला?"

अण्णाचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्या माणसाने घाटात गाडीचा ब्रेक गेला तरी प्रवाशांना कळू दिलं नाही असं गाव सांगतं, त्याला घाम फुटला. आमच्याकडे लेक माहेरी आली की तिचं काही कमी पडू द्यायचं नाही. परिस्थिती कशीही असो, तिला छपराखाली झोपवायचं, गोडधोड करायचं, ओटी भरून पाठवायचं. हे चुकलं तर माणूस गावात तोंड दाखवू शकत नाही.

"वहिनीकडं झोप की," तो म्हणाला.

"वहिनीकडं का? मी माझ्या भावाकडं आलेय, शेजाऱ्याकडं नाही."

काठावरून वहिनींनी लगेच आगीत तेल ओतलं. "असू द्या वन्सं, ओढ्यातच भरू तुमची ओटी. वाळूत नारळ फोडाया दगूड बी हायती!" आणि दोन बायका पाण्याला चालल्या होत्या, त्यांना हाक मारून म्हणाल्या, "बघा गं, अण्णांनी भैनीला कुटं उतरिवलंय!" त्या बायका थांबल्या. पदर तोंडाला लावून हसल्या.

अण्णा खाली बघत वाळूत काटकीनं रेघा ओढत बसला. मग हळू आवाजात, वहिनींना ऐकू जाणार नाही असा, म्हणाला, "घरात झोपवत न्हाय गं मला."

मी मांडी मोडली आणि त्याच्याकडे सरकले.

"शेडात लांडग्याच्या भ्यानं आतनं कडी लावायचो. त्या दिशी दुपारी आडवा झालतो. धूर आत आला. उठलो तर दिसंना. कडी सापडंना मला. रोजची कडी, माझ्या हातानं बसवलेली. भिताडावर हात फिरवतोय, फिरवतोय, आन शेरडं वराडत्यात." त्याने काटकी मोडली. "गावातल्या घरात गेलो, दार लावलं, की तेच वाटतंय. आन शेजारची गंज बी भिताडालाच टेकलीया."

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. एवढं मनात घेऊन हा माणूस मला फोनवर "बरा हाय, ठेव" म्हणत होता! मी उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात मी याआधी कधी ठेवला होता ते आठवत नाही. म्हटलं, "चल. कडी मी बघते आणि गंजही बघते. तू फक्त कुलूप उघड."

घरी गेलो. घर म्हणजे दोन खोल्या, वर पत्रा. माझ्या पर्समध्ये मशीनचा स्क्रूड्रायव्हर कायम असतो. तो काढला आणि दाराची आतली कडी उचकटून पर्समध्ये टाकली. "आता हे दार आतून लागणारच नाही. लावायचं म्हटलंस तरी लागणार नाही." अण्णाने दार दोनदा ढकलून, ओढून बघितलं. मग वहिनी आणि गल्लीतली चार माणसं लागली आणि भिंतीला टेकलेली गंज पेंढी पेंढी करून पलीकडच्या मोकळ्या जागेत नेऊन रचली. तक्रार कुणी केली नाही. वहिनींचे मालक तेवढं म्हणाले, "आधी सांगायचं की अण्णा, आमी काय परके हाय?" दाराशी पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवल्या. अण्णा उंबऱ्यात उभा राहून सगळं बघत होता.

मग ओढ्यातलं सामान वर आणायला लागलो. म्हैस आली, ट्रंक आली, शेरडं ओढत ओढत आणली. त्यांनाही वाळू आवडली असावी, एकेक पाय रोवून उभं राहत होतं. तोवर डोंगराच्या माथ्यावर ढग जमले होते. गावावर मात्र ऊन होतं. थोडं वारं, आणि कुठूनतरी चार टपोरे थेंब, तेही लगेच वाळून गेले.

"बाज राहिली," अण्णा म्हणाला. "आन ताडपत्री. घिऊन येतो."

"आधी चहा घे. ठेवलाय."

"येतो की पटकन. किती लांब हाय?"

"अण्णा, माझ्या माहेरी मीच चूल पेटवायची आणि चहा झाला की तू पळायचं? बस गुमान."

बसला. कप हातात घेतला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. चहात साखर नव्हती. असणार कुठून? घर इतके दिवस बंद, डब्यात मुंग्या. गोड चहाशिवाय आमच्या अण्णाचं पान हलत नाही. "मग वहिनीकडनं आण की," म्हणाला आणि पुटपुटत बसून राहिला. वहिनी साखर घेऊन येतच होत्या, तर अंगणात मध्येच थबकल्या.

आवाज आला. आधी मला वाटलं ट्रक आहे, खडी रिकामी करतोय. पण तो थांबेना, वाढतच गेला. शेरडं एकदम उठून उभी राहिली. आम्ही तिघं गल्लीच्या टोकाला पळालो, तिथून ओढा दिसतो.

ते पाणी नव्हतंच. काळा, जाड, फेसाळ चिखल होता, आणि त्यात जळकी खुंटं उभी-आडवी उड्या मारत होती. धोंडे एकमेकांवर आपटल्याचा आवाज पायाखालून येत होता. समोर एवढं चाललेलं, आणि आमच्या डोक्यावर लख्ख ऊन. अण्णाची ताडपत्री क्षणभर दिसली. बाज दिसली नाही. बाजेचं काय झालं ते कुणालाच दिसलं नाही. एकदम सगळी वाळूच दिसेनाशी झाली.

"आगं आई गं," वहिनी म्हणाल्या. साखरेची वाटी त्यांच्या हातात तशीच होती.

मी अण्णाकडे बघितलं. तो ओढ्याकडे बघत होता आणि हातातल्या कपातून चहा सांडत होता. मी कप काढून घेतला आणि मला रडूच कोसळलं. भर गल्लीत, लहान पोरीसारखी रडले. काय होऊ शकलं असतं ते सगळं डोळ्यांपुढून गेलं. आणि तो माझ्या बाजूला उभा होता, त्याच्या शर्टाला तंबाखूचा वास येत होता, हेही त्याच वेळी कळत होतं. देवा, किती बरं वाटलं ते मला सांगता येणार नाही. हाताला धरून बघत होते मी त्याला, खरंच आहे ना म्हणून.

"रडतीस कशाला?" तो म्हणाला. "म्हैस आणली न्हवं आपण?"

"म्हशीसाठी रडते का मी, मेल्या!"

थोरल्या भावाला मी जन्मात कधी मेल्या म्हटलं नव्हतं. वहिनी रडता रडता हसायला लागल्या. मग अण्णाही हसला, मग मीही. खाली ओढा गरजत होता आणि वर आम्ही येड्यासारखे हसत होतो.

सकाळी ओढ्यात उतरून बघितलं. अंगठ्याएवढी धार वाहत होती, लहान पोरंसुद्धा उडी मारून जातील अशी. पण वाळू कुठे उरली नव्हती. गुडघाभर काळा चिखल, आणि जिथे बाज होती तिथे एक धोंडा येऊन बसला होता, आमच्या म्हशीएवढा. अण्णा त्याच्याभोवती एक चक्कर मारून आला. घरी जाताना त्याने वाटेत भोंग्यावाल्या ग्रामपंचायतीच्या माणसाला गाठलं आणि पुढच्या वस्तीवर कोण कोण ओढ्याकाठी राहतंय याची विचारपूस केली. दुपारपर्यंत तो त्या वस्तीवरच होता. तिथल्या माणसांना शिव्या घालून वर काढत होता म्हणे. हट्टी माणसाला हट्टी माणसंच नेमकी कळतात.

मी पुढे आणखी काही दिवस राहिले. मालकांचे फोन येत राहिले, मी उचलले नाहीत. निघताना वहिनींनी ओटी भरली, घरात, छपराखाली. अण्णाने बार्शीहून आणलेला खण दिला. रंग असा काही भडक की मी तो कधी शिवणार नाही, पण घेतला. फाट्यावर गाडी आली तेव्हा तो ड्रायव्हरला म्हणाला, "संभाळून ने. भैन हाय माझी."

सोलापुरात आल्यावर मी मशीनच्या सुईचा स्क्रू आवळायला पर्स उघडली, तर हाताला कडी लागली. मी तिथूनच फोन लावला.

"अण्णा, तुझी कडी माझ्याकडेच राहिली रे."

"ठाव हाय."

"मग मागितली का नाहीस? रात्री दार कसं लावतोस?"

"धोंडा लावतो आतनं. लाथ मारली की सरकतोय." मग म्हणाला, "झोप लागती आता."

मी हुश्श केलं. मला वाटलं, आता म्हणेल ठेव. पण त्याने फोन ठेवला नाही. पलीकडे शेरडं ओरडत होती, वहिनी कुणाला तरी हाका मारत होत्या.

"त्या दिशी," तो म्हणाला, "चहात साखर असती, तर एका घोटात पिऊन गेलो असतो बाज आणायला."

माझ्या आजूबाजूला सगळ्या मशीन चालू होत्या. मी फोन कानाशी घट्ट धरला.

"मी ओढ्यात असतो गं तवा," अण्णा म्हणाला.

"आता घरात आहेस ना?"

"हाय की."

"मग झालं तर," मी म्हटलं, आणि डोळे पुसायला रुमाल सापडेना म्हणून खाकी पँटच डोळ्यांना लावली.